घोडीच्या गळ्यातली पितळी घुंगरमाळ, पुरा सीझन वापरल्यावर

वरसोलीच्या विठोबाच्या जत्रेत कार्तिकात घेतली होती, १५ घुंगरांची, चामड्याच्या पट्ट्यावर ओवलेली, आता पाऊस तोंडावर आलाय म्हणून लिहितोय. आमची घोडागाडी अलिबागच्या बीचवर असते, ओहोटी लागली की कुलाबा किल्ल्यापर्यंत फेऱ्या.

शोभेसाठी घेतली नव्हती. ओल्या वाळूत ना टापा वाजत ना चाकं, वरनं समुद्राचा वारा आणि पाठमोरी उभी राहून फोटो काढणारी माणसं, मी घसा फुटेस्तोवर ओरडायचो. आता लांबूनच लोक बाजूला होतात. बर्फाच्या मुलखात घसरगाडीच्या घोड्यांना घंटा बांधायचे ते ह्याचसाठी, बर्फातही टाप ऐकू येत नाही, अमेरिकेत तर काही गावांत तसा कायदाच होता.

सगळ्यात जास्त कामाला आली ती माघी गणपतीला. किल्ल्यातल्या गणपतीला ही गर्दी, चौथ्या फेरीला मला वाटलं ताल चुकतोय. राणी दुडक्या चालीत असली की छन छन, छन छन असं सारखं पडतं, त्या दिवशी दुसरा ठोका दबका पडत होता, बघून मात्र काहीच कळत नव्हतं. उतरून पुढचा डावा पाय उचलला तर नालाच्या आत, खुराच्या मऊ भागात कालवाच्या शिंपल्याची कपची रुतलेली. अजून रक्त नव्हतं आलं. तिथेच फेऱ्या बंद, चार दिवस तबेल्यात आराम. माळ नसती तर संध्याकाळपर्यंत तिला तशीच पळवली असती मी, ह्या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

आता तक्रारी. चामडं बेकार. खारं पाणी उडून महिन्याभरात कडक झालं, मानेवरचे केस गेले. मग घुंगरं सुती नवारीवर ओवली, आतून जुन्या ब्लँकेटची पट्टी शिवली, तेव्हापासून त्रास नाही. घुंगराच्या आतला खडा लोखंडी निघाला, गंजून दोन मुकीच झाली. घेताना लोहचुंबक लावून बघा, पितळेला ते धरत नाही, आतला खडा ओढला गेला तर समजा लोखंड आहे.

आणि १५ घुंगरं फार होतात. घोड्याला ३३ हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आपल्याला २० हजार, राणी पहिले दोन दिवस कान मागे पाडून होती. मी ९ ठेवली, आणि आठवडाभर आधी माळ नुसती गव्हाणीशेजारी टांगली, खाताना हलवायची, मग सवय झाली.

हिरवट थर चढला की आमसुलाच्या पाण्याने चोळायची, लगेच गोड्या पाण्यात धुऊन कोरडी पुसायची. रात्री गळ्यात ठेवू नका.

मिरगाला खोबरेल लावून फडक्यात बांधून ठेवीन. खडे पितळेचे घालून द्यायला कासार तयार झालाय.