आठ महिने ‘इलमॅटिक’ ऐकल्यावर

अमेरिकन रॅपर नासचा पहिला अल्बम ‘इलमॅटिक’ मी आठ महिन्यांपूर्वी पहिल्यांदा नीट बसून ऐकला आणि सुरुवातीचे दोन आठवडे तो मला भिडलाच नाही. रॅपमधला सर्वोत्तम पदार्पणाचा अल्बम म्हणून इतकं ऐकून होते, की कानावर काहीतरी प्रचंड आदळेल असं वाटलं होतं. निघाले 10 ट्रॅक, त्यातला पहिला नुसती प्रस्तावना, सगळं मिळून जेमतेम 40 मिनिटं. आवाज कुठे चढत नाही. एवढंच? असं झालं. तरी बाजूला ठेवला नाही, कारण एक जागा डोक्यातून जाईना.

ती जागा ‘एन. वाय. स्टेट ऑफ माइंड’मध्ये आहे. गाण्याचं संगीत करणाऱ्या डीजे प्रीमियरने पियानोचा एक खर्जातला तुकडा सतत फिरता ठेवलाय, त्यावर नास श्वास न घेतल्यासारखा सांगत सुटतो. निवेदक गोळ्या झाडतोय, हात थरथरतोय, समोर बघवत नाहीये. पुन्हा चाप ओढतो तर नुसता क्लिक. बंदूक अडकलीय. तो पळत इमारतीच्या लॉबीत शिरतो आणि लॉबी लहान पोरांनी भरलेली असते. इतकी लहान, की त्याच्या उंचीपर्यंत त्यांची नजरही पोचत नसेल. इथे त्याने वापरलेला ‘हाय’ हा शब्द उंचीलाही लागतो आणि नशेलाही. पहिल्या वीसेक वेळा मला फक्त बंदूक ऐकू आली होती. पोरं नंतर दिसली. एकदा दिसली आणि मग अख्ख्या अल्बममध्ये जिकडेतिकडे दिसायला लागली.

मुखपृष्ठापासूनच बघा ना. 7 वर्षांच्या नासचा चेहरा, आणि त्याच्याआरपार दिसणारी वस्ती. ही वस्ती म्हणजे न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली क्वीन्सब्रिज हाउसेस, अमेरिकेतली सर्वात मोठी सरकारी गृहवसाहत, 96 इमारतींची. रेकॉर्डच्या दोन बाजूंना ए आणि बी न म्हणता ‘फॉर्टिएथ साइड नॉर्थ’ आणि ‘फॉर्टी-फर्स्ट साइड साउथ’ अशी तिथल्या रस्त्यांवरून नावं दिलीत. आठवीनंतर शाळा सोडलेल्या मुलाने विशीत केलेला हा अल्बम आहे, आणि 1992 मध्ये त्याचा जिवलग मित्र विल ग्रॅहम गोळीबारात गेला होता. हे कळल्यावर त्या आवाजातला थंडपणा मला थंडपणा वाटेनासा झाला.

माझ्यासाठी अल्बमचा गाभा म्हणजे ‘वन लव्ह’. संगीत रॅपर-निर्माता क्यू-टिपचं, आणि तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं. एका मित्राला तो कळवतो की तुला मुलगा झालाय, तुझ्यासारखाच दिसतो म्हणे, आणि लगेच विचारतो, तुझी बाई तुला पत्र का लिहीत नाही? शेवटच्या कडव्यात पत्र संपतं आणि 12 वर्षांचं एक पोरगं भेटतं. बोलणं गलिच्छ, हसणं निर्दय. नास त्याला शहाणपणाचे चार शब्द सांगतो, पण शाळेत जा वगैरे सांगत नाही. गोळी सुटली की मरतो तो शांत राहणारा, हे सांगतो, पोलिसांवर लक्ष ठेव म्हणतो. त्याच्याकडे द्यायला तेवढंच आहे. मी हे कडवं कितीदा ऐकलं असेल याची मोजदाद नाही, दर वेळी पोटात कालवतं.

आता स्वागताबद्दल. 19 एप्रिल 1994 ला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने अल्बम आणला. ‘द सोर्स’ या हिप-हॉप मासिकाने 5 पैकी 5 माइक (त्यांचे गुण) दिले, आणि नवख्याला ते तेव्हा सहजासहजी मिळत नसत. विक्री मात्र बेताची. बिलबोर्डच्या अमेरिकन खपाच्या यादीत 12 व्या क्रमांकावर सुरुवात झाली. बाजारात येण्याआधीच चोरट्या प्रती फिरत होत्या. 1996 मध्ये गोल्ड (5 लाख प्रती) आणि 2001 मध्ये प्लॅटिनम (10 लाख) झाला. पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नॅशनल रेकॉर्डिंग रजिस्ट्रीत, म्हणजे जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत, त्याची नोंद झाली. नासचा दुसरा अल्बम ‘इट वॉज रिटन’ थेट पहिल्या क्रमांकावर गेला, तरी समीक्षकांनी तो पहिल्याच्या मापाने मोजला. मला हे अन्यायाचं वाटतं. विशीतल्या पोराने एकदा केलेल्या गोष्टीला त्याच्या मानेवरचं जू करून ठेवलं.

कौतुक बहुतेक यमकांचं होतं, आणि ती आहेतच तशी. ओळीच्या पोटात यमक, त्याच्या आत आणखी एक. पण तेवढंच ऐकत बसलं तर लॉबीतली पोरं हुकतात.

सगळंच सारखं उतरलेलं नाही. ‘वन टाइम फॉर युअर माइंड’ मी हल्ली पुढे ढकलते, तिथे त्याला सांगायला फारसं काही नाही. बायकांबद्दलचे शब्द खटकतात आणि आठ महिन्यांनीही खटकायचे थांबले नाहीत. बोलीभाषा कठीण आहे, सुरुवातीला शब्द समोर ठेवूनच ऐका. शक्यतो हेडफोन लावून ऐका, कारण छोट्या स्पीकरवर खर्ज गायब होतो आणि त्याच्यासोबत निम्मी वस्तीही.

हल्ली मी सर्वात जास्त थांबते ती तिसऱ्या ट्रॅकवर, ‘लाइफ्स अ बिच’वर. अख्ख्या अल्बममध्ये एझी हा एकच पाहुणा रॅपर, आणि तो पहिलं कडवं असं म्हणतो की यजमानाचं काय होणार अशी काळजी वाटावी. मग नास येतो आणि सांगतो, आज वाढदिवस, 20 पूर्ण झाली, लवकर जाग आली. त्या वस्तीत विशी गाठणं हीच बातमी आहे. गाणं संपताना शब्द थांबतात आणि कॉर्नेट, ट्रम्पेटसारखं वाद्य, सुरू होतं. ते वाजवणारा माणूस म्हणजे नासचे वडील, जॅझवादक ओलू दारा.