फॉर्म भरावा की ग्रामसभा धरावी?

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघाली की आमच्याकडे दोन-चार पोरं हमखास येतात. वय पंचवीस-तीस, आणि बोलण्यात एकच सूर : सगळे पुढारी एकाच माळेचे मणी, आता आपणच उतरायचं. परवा सख्खा पुतण्याच येऊन बसला. "काका, फॉर्म भरू का?" त्याला तोंडी सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितो, कारण मी दोन्ही करून पाहिलंय. पाच वर्षं ग्रामपंचायतीचा सदस्य होतो. मुदत संपल्यावर गेली सहा वर्षं, कुठलंही पद न घेता, आम्ही वीस-बावीस जण ग्रामसभा धरून आहोत.

आधी फॉर्म भरण्याच्या बाजूने. पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो, आणि सरपंच व ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) या दोघांच्या सहीशिवाय तो हलत नाही. त्यामुळे आत बसलेल्या माणसाला जे दिसतं ते बाहेरच्याला दिसत नाही. भर मे महिन्यात पाणीपुरवठ्याची मोटर जळाली होती. मी सदस्य होतो म्हणून मासिक सभेची वाट न बघता चार दिवसांत नवी बसली. बाहेरून हे काम मी इतक्या लवकर करून घेऊ शकलो नसतो. १९८९ साली पोपटराव पवार हिवरे बाजारचे सरपंच झाले आणि पुढे ते दुष्काळी गाव पाणीदार झालं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खुर्चीत योग्य माणूस असला की गाव बदलतं, हे मी नाकारत नाही. फक्त एवढंच लक्षात घ्या, की शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, उसासारखं पाणी पिणारं पीक लावायचं नाही, हे तिथले अवघड निर्णय गावाने एकत्र बसून घेतले. एकट्या सरपंचाच्या सहीने ते टिकले नसते.

आता खर्च. पैशाचा सोडा, मी भावकीचं बोलतोय. माझ्यासमोर माझाच चुलतभाऊ उभा होता. ४१ मतांनी निवडून आलो आणि तीन वर्षं आमच्या दोन घरांत हळदी-कुंकवाचंही जाणं-येणं नव्हतं. शिवाय एकट्याने कुणी निवडून येत नाही, पॅनेल लागतं. पॅनेलला गाड्या लागतात, आणि त्या तालुक्याहून येतात. ज्या पुढाऱ्यावर विश्वास नाही म्हणून आपण उभे राहिलो, निकालाच्या रात्री गुलाल लावून त्याच्याच वाड्यावर जावं लागतं. मी गेलो होतो.

सरपंच कुणी निवडायचा हेसुद्धा आपल्या हातात नाही. २०१७ साली थेट जनतेतून निवड सुरू झाली, २०२० मध्ये ती रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा आली. सगळं मुंबईत ठरलं. ग्रामसभेला मात्र ७३व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेतच जागा दिली आहे. सरकार बदललं म्हणून ती बरखास्त होत नाही, आणि तिचं सदस्यत्व मतदारयादीत नाव आलं की आपोआप मिळतं.

काही जण मधला मार्ग म्हणून बिनविरोध निवडणूक सुचवतात. मनापासून एकमत झालं असेल तर उत्तमच. पण २०२१ च्या सुरुवातीला नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथल्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, कारण पदांचे लिलाव झाले होते. त्यामुळे बिनविरोध म्हटलं की मी आधी विचारतो, बसलं कोण आणि बसवलं कुणी?

पण माझा कौल या कशानेच बदलला नाही. तो बदलला प्रोसिडिंगच्या, म्हणजे सभेचे ठराव लिहायच्या वहीने.

ही वही ज्यांनी हाताळली आहे त्यांना लगेच कळेल. सभा होते, चहा होतो, हजेरीवर सह्या होतात. ठराव मागाहून "सवडीने" लिहिले जातात. दोन ठरावांच्या मध्ये चार बोटं जागा कोरी असते. सदस्य होऊन आठ महिने झाले असतील, मी सहज मागची पानं चाळत होतो. एका गल्लीच्या काँक्रीटीकरणाचा ठराव सापडला. त्या गल्लीत काँक्रीट आधीच झालेलं होतं. खाली अनुमोदक म्हणून माझं नाव. अक्षर बारीक, ओळी दाटीवाटीने बसवलेल्या, कोऱ्या जागेत कोंबलेल्या. हा विषय सभेत निघालाच नव्हता. विचारलं तर उत्तर मिळालं, "आयत्या वेळचे विषय असतात की, सही तुमचीच आहे." सही माझीच होती, हजेरीची. उरलेली चार वर्षं मी भांडत राहिलो, पण नऊ जणांत माझं एक मत. प्रत्येक मासिक सभेत मी हरलो.

ग्रामसभेत हीच वही आम्हाला तीन सभांत सरळ करता आली. मागणी एकच होती : ठराव सभेतच लिहायचा, मोठ्याने वाचायचा, मग सह्या, आणि शेवटच्या ठरावाखाली आडवी रेघ. पहिल्या सभेत हसले. दुसरी गणपूर्तीअभावी तहकूब केली. तिसऱ्या वेळी आम्ही माणसं मोजून आणली. हजेरीची वही फिरत फिरत माझ्या चुलतीपुढे आली. तिने शाईचा डबा बाजूला सारला आणि म्हणाली, "आधी वाच, मग अंगठा." मागे बसलेल्या बायकांनीही हात आवरले. पाऊण तास कुणीच सही केली नाही. शेवटी वही वाचली गेली. तेव्हापासून दर सभेला वाचली जाते.

ग्रामसभेच्याही अडचणी आहेत, त्या लपवत नाही. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. सहाशे मतदारांच्या गावात नव्वद. ऐन सुगीत नव्वद माणसं पारावर आणणं सोपं नाही. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते, त्यामुळे तुम्ही घरी गेलात की दहा-बारा जणांत सगळं मंजूर होतं. म्हणून तहकुबीनंतरची सभा चुकवायची नाही, हे आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. वर्षातून किमान चार सभा होतात, आमच्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. कामाचा वेग त्यामुळे कमीच राहतो.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं उदाहरण सगळेच देतात. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्यांचीच. तिथे बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय होतात, आणि त्याआधी अभ्यासगटात विषयाचा कीस पडतो. २००९ मध्ये त्यांना जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हातात आला. मात्र ते शंभरेक घरांचं गोंड गाव आहे, आणि आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा तिथे लागू आहे. आमच्यासारख्या गटातटांच्या गावात सर्वसहमती कितपत जमेल, मी खात्रीने सांगू शकत नाही. वाचल्याशिवाय सही नाही, एवढं मात्र जमतं.

पुतण्याला मी फॉर्म भरू नकोस असं म्हटलं नाही. तुमच्या गावात प्रोसिडिंग नीट लिहिलं जात असेल आणि पॅनेलची गाडी तुमच्या स्वतःच्या पैशाने फिरणार असेल, तर जरूर भरा. नाहीतर, मला वाटतं, एक वर्ष थांबा आणि चारही ग्रामसभांना बसून बघा. पुतण्या १ मेच्या सभेला येतो म्हणालाय. वही वाचायचं काम त्या दिवशी त्याच्याकडे दिलंय.