चलन खरं होतं, भरणा झालाच नव्हता

आमच्या जीएसटीचे पैसे स्वतःकडेच ठेवणाऱ्या टॅक्स कन्सल्टंटने आम्हाला पाठवलेलं एकही चलन, म्हणजे कर भरायची स्लिप, बनावट नव्हतं, हे आधीच सांगते. कारण विषय निघाला की समोरचा पहिला प्रश्न हाच विचारतो, "खोटं चलन तुमच्या लक्षात कसं नाही आलं?" खोटं नव्हतंच ते. जीएसटीच्या पोर्टलवरून काढलेलं, वर आमच्या फर्मचं नाव, आमचा जीएसटी नंबर, केंद्राचे १९,८००, राज्याचे १९,८००, चौदा आकडी सीपीआयएन, म्हणजे चलनाचा क्रमांक. सगळं अस्सल. फक्त ते नुसतं काढलेलं होतं, भरलेलं नव्हतं. एक पैसाही न भरता चलन काढता येतं. त्याला लॉगिनसुद्धा लागत नाही, जीएसटी नंबर माहीत असला की झालं. पंधरा दिवसांत भरलं नाही तर ते आपोआप बाद होतं. तुमच्या व्हॉट्सअॅपवर आलेली पीडीएफ मात्र जशीच्या तशी राहते.

कुपवाड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं काम आहे. शेड, ग्रिल, जिने, गेट. शॉपवर हे बघतात; बिलं, बँक आणि पगार माझ्याकडे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हापासून रिटर्नचं काम याच टॅक्स कन्सल्टंटकडे होतं. सगळी लाइन त्याला 'सीए साहेब' म्हणायची आणि तोही कधी नाही म्हणाला नाही. तो सीए नव्हता. सीए नसलेल्या माणसाकडे रिटर्नचं काम देणं बेकायदा नाही, पुष्कळ चांगली माणसं हे काम वर्षानुवर्षं करतात. फरक एवढाच, की सीएची तक्रार त्याच्या इन्स्टिट्यूटकडे तरी करता येते. आम्हाला तो दरवाजा नव्हता.

पहिली काही वर्षं त्याने चोख भरलं. हे पोर्टलवरूनच नंतर दिसलं, म्हणून लिहिते. २०२१ पासून गडबड आहे.

महिन्याच्या सतरा-अठरा तारखेला मेसेज यायचा, "वहिनी, चलन काढलंय. आजच टाका, वीस तारखेला साइट चालत नाही." साइटचं बोलणं खरंच होतं, वीस तारखेला पोर्टल कसं रडतं ते धंदेवाल्यांना वेगळं सांगायला नको. "माझ्या खात्यावर टाका, मी सगळ्या पार्ट्यांचं एकदम भरतो." मी एनईएफटी करायचे. संध्याकाळी रिटर्न भरल्याची पावती यायची, एआरएन नंबरसह. तीही खरीच.

आता पैसे न भरता रिटर्न कसं भरलं गेलं, ते एका महिन्याच्या आकड्यांवरून सांगते. विक्री ६,४०,००० ची. त्यावर १८ टक्क्यांनी कर १,१५,२००. लोखंड, पत्रा, वेल्डिंग रॉड मिळून खरेदी ४,२०,००० ची, तिच्यावर दिलेला कर ७५,६००. हे आपलं इनपुट क्रेडिट. वजा जाता रोख भरायचे ३९,६००. हिशेब त्याने मला असाच पाठवला होता आणि तो बरोबर होता. थ्री-बी, म्हणजे ज्यात कराचा हिशेब देऊन कर भरतात त्या रिटर्नमध्ये, मात्र क्रेडिटच्या जागी त्याने ७५,६०० ऐवजी १,१५,२०० टाकले. कर आणि क्रेडिट सारखं झालं, रोख देणं शून्य. पोर्टलने रिटर्न घेतलं. क्रेडिटचा आकडा पुरवठादारांच्या बिलांवरून पोर्टलवरच्या टू-बी या तक्त्यात आपोआप तयार होतो, पण थ्री-बी भरताना तो हाताने बदलता येत होता. आमचे ३९,६०० त्याच्या खात्यातच राहिले.

यात हुशारी अशी, की विक्रीच्या रिटर्नला, म्हणजे जीएसटीआर-१ ला, त्याने बोट लावलं नाही. आमची सगळी बिलं त्यात वेळेवर जायची. त्यामुळे आमच्या गिऱ्हाइकांना त्यांचं क्रेडिट मिळत होतं, कुणाचा फोन नाही, कुणी पेमेंट अडवलं नाही. पोर्टलवर जीएसटी नंबर टाकून कुणीही आमची रिटर्न भरली आहेत का ते बघू शकतं. माझ्या भाच्याने एकदा बघितलंही होतं. सगळीकडे 'फाइल्ड'. ते पान रिटर्न भरलं की नाही एवढंच सांगतं, पैसे भरले की नाही ते सांगत नाही.

आणि ओटीपी? प्रोप्रायटरशिप फर्मचं रिटर्न मोबाइलवर आलेल्या ओटीपीने भरता येतं. रजिस्ट्रेशन करताना त्याने पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच टाकला होता. "तुम्हाला सारखे मेसेज येऊन त्रास नको." छोट्या धंद्यांमध्ये हे इतकं सर्रास चालतं, की आपल्या जीएसटी खात्यावर कुणाचा नंबर आहे, असं दहा दुकानदारांना विचारून बघा.

याचा खरा फटका पुढे बसला. क्रेडिटचा फरक जीएसटी विभागाच्या कॉम्प्युटरला दिसत होता. आधी स्क्रूटिनीची, म्हणजे तपासणीची नोटीस, मग डीआरसी-०१, म्हणजे कराच्या मागणीची नोटीस, मग ऑर्डर. प्रत्येक कागद ईमेलवर गेला, म्हणजे त्याच्याकडे गेला. आमच्याविरुद्धची प्रत्येक नोटीस आमच्याच चोराच्या इनबॉक्समध्ये. आणि कायद्याने ती आम्हाला मिळालीच. जीएसटी कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे नोंदवलेल्या ईमेलवर पाठवलेली किंवा पोर्टलवर टाकलेली नोटीस बजावलेली धरतात. पोस्टाने कागद आला नाही, ही तक्रार तिथे सहसा चालत नाही.

आम्हाला कळलं ते बँकेतून. पगाराच्या आदल्या दिवशी पैसे काढायला गेले तर करंट अकाउंट गोठवलेलं. बँकेच्या साहेबांनी डीआरसी-१३ दाखवलं. जीएसटी विभागाने आमची थकबाकी थेट बँकेकडून मागितली होती. दोन आर्थिक वर्षांचा मिळून कर सात लाखांच्या घरात, त्यावर वर्षाला १८ टक्के व्याज, आणि कलम ७४ खाली, म्हणजे फसवणुकीच्या कलमाखाली, कराइतकाच दंड. फसवणूक कुणी केली? तर कागदोपत्री आम्ही.

जीएसटी ऑफिसातले अधिकारी सभ्य होते. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही आणि तुमचा माणूस ते बघून घ्या. कर तुमच्या नंबरवर येणं आहे." राग आला, पण कायदा तसाच आहे. कन्सल्टंटला दिलेला पैसा म्हणजे सरकारला दिलेला पैसा नव्हे.

इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. ऑर्डर मिळाल्यापासून अपिलाला तीन महिने असतात, आणि योग्य कारण दिलं तर वर एक महिना माफ होऊ शकतो. त्यापुढे अपिलीय अधिकाऱ्याच्याही हातात काही नसतं. वसुलीसुद्धा साधारण तीन महिने थांबूनच सुरू होते. त्यामुळे बँक अडवल्याचं कळतं तेव्हा अपिलाची मूळ मुदत बहुधा संपलेली असते, उरतो तो माफीचा महिना. आम्हाला नव्या सीए मॅडमनी पहिल्याच भेटीत ऑर्डरची तारीख विचारली आणि बाकी सगळं बाजूला ठेवून अपिलाचे कागद करायला घेतले. वादातल्या कराच्या १० टक्के भरून अपील दाखल झालं की उरलेली वसुली थांबते. खातं त्यानंतर सुटलं. कर देणं आहेच, तो आम्ही नाकारत नाही. म्हणणं एवढंच, की फसवण्याचा हेतू आमचा नव्हता. ते मान्य झालं तर कलम ७३ प्रमाणे दंड १० टक्क्यांवर येतो. अपील अजून चालू आहे.

पोलिसांत पहिल्यांदा ठरलेलं उत्तर मिळालं, "हा दिवाणी मामला आहे." तेव्हा कामाला आली ती कागदांची जुळणी. एका बाजूला कन्सल्टंटच्या खात्यावर गेलेली प्रत्येक एनईएफटी, दुसऱ्या बाजूला त्याच दिवशी त्याने पाठवलेलं चलन, आणि तिसऱ्या रकान्यात त्या सीपीआयएनची पोर्टलवरची स्थिती: मुदत संपली, मुदत संपली, मुदत संपली. तो तक्ता बघितल्यावर साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. व्यवहार १ जुलै २०२४ च्या आधीचे असल्याने गुन्हा जुन्या भारतीय दंड संहितेच्या ४०६ (विश्वासघात) आणि ४२० (फसवणूक) खाली नोंदवला गेला. मी रोख दिली असती तर यातलं काही उभं राहिलं नसतं. आमच्याच लाइनीतल्या एका मशीन शॉपवाल्याने रोख दिली होती. त्याच्याकडे दाखवायला फक्त पीडीएफ आहेत.

कन्सल्टंटचे भाऊबंद घरी येऊन गेले. "वहिनी, लेकराबाळांकडे बघा, तक्रार मागे घ्या, हप्त्याने देतो." आमच्या यांनी पाणी दिलं, चहा दिला आणि सांगितलं, "काय द्यायचं ते वकिलांसमोर द्या."

आता तुमचं चलन भरलंय का ते कसं बघायचं. पोर्टलवर लॉगिन न करताच 'ट्रॅक पेमेंट स्टेटस' मध्ये जा, जीएसटी नंबर आणि चलनावरचा सीपीआयएन टाका. दोन मिनिटांत कळतं. भरलेल्या चलनाच्या पावतीवर सीपीआयएनला बँकेचा कोड जोडून झालेला सीआयएन, म्हणजे भरणा झाल्याचा क्रमांक असतो. तो नसेल तर पैसे सरकारकडे गेल्याचा पुरावा तुमच्याकडे नाही. आणि रिटर्नची नुसती पावती घेऊ नका, थ्री-बीची पूर्ण पीडीएफ मागा. तिच्यात ६.१ क्रमांकाच्या तक्त्यात किती कर क्रेडिटमधून गेला आणि किती रोख, असे वेगळे रकाने असतात. तुम्ही ३९,६०० दिले असतील आणि रोखीच्या रकान्यात शून्य असेल, तर फोन कन्सल्टंटला करू नका, आधी टू-बी उतरवून घ्या. चलनाचे पैसेही आम्ही आता फर्मच्या नेट बँकिंगमधूनच भरतो. नव्या सीए मॅडम स्वतःच्या खात्यावर फक्त फी घेतात.

लॉगिन तुमच्या हातात असेल तर मोबाइल आणि ईमेल आजच बदलून घ्या. ओटीपीवर होतं ते, अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. लॉगिनच कन्सल्टंटकडे असेल आणि तो टाळाटाळ करत असेल, तरी त्याच्या पाया पडायची गरज नाही. अशा अडकलेल्या लोकांसाठी सरकारने २०१८ मध्येच सोय केली आहे. पोर्टलवर आपला जीएसटी नंबर शोधला की आपलं कार्यक्षेत्र कोणतं ते दिसतं. त्या ऑफिसात प्रोप्रायटरने स्वतः जायचं, सोबत पॅन, ओळखीचा पुरावा आणि फर्मची कागदपत्रं न्यायची. अधिकारी तुमचा मोबाइल आणि ईमेल चढवून पासवर्ड रीसेट करून देतात. आमच्या ऑफिसात हे काम करणाऱ्या बाई म्हणाल्या, या कामासाठी लोक येतच असतात, बहुतेक बँक अडल्यावर.