स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेआधीची पोटातील पाण्याची तपासणी : रत्नागिरीतील एका रुग्णालयाचा अनुभव

अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, भाद्रपदात कावीळ झाली आणि आमच्या गुहागरकडच्या सवयीप्रमाणे पहिले पंधरा दिवस झाडपाल्यात गेले. नंतर सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ दिसली. मी लिहीत आहे ते रत्नागिरीतील एका खासगी रुग्णालयाविषयी. तेथील शल्यविशारदांनी आधी पित्तनलिकेत स्टेंट घालून कावीळ उतरू दिली आणि मगच सीए १९-९ ही, स्वादुपिंडाच्या कर्करोगात वाढणारे द्रव्य मोजणारी रक्ततपासणी पुन्हा करवली, कारण पित्त तुंबलेले असताना हा आकडा गाठीविनाही चढू शकतो. एरवी ३७ च्या आत असणारा आकडा तरीही ६०० च्या वर राहिला, तेव्हा थेट पोट न उघडता आधी दुर्बीण घालण्याचा आग्रह त्यांनी धरला.

पोटाच्या अस्तरावरचे कणीएवढे दाणे सीटी स्कॅनमधून निसटू शकतात, आणि सुट्या पेशी तर दुर्बिणीलाही दिसत नाहीत. म्हणून बेंबीजवळच्या छिद्रातून सलाइन सोडतात, ते यकृताभोवती व ओटीपोटात खेळवून परत ओढून घेतात, आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर तळाशी बसलेला साका काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशी सापडल्या नाहीत म्हणजे त्या नाहीतच असे नव्हे, हेही डॉक्टरांनी सही घेण्याआधी सांगितले. अण्णांचे पोट दुर्बिणीतून स्वच्छ दिसले होते. पाण्यात मात्र कर्करोगाच्या पेशी निघाल्या. अशा वेळी आजार चौथ्या टप्प्यातला धरतात आणि केमोथेरपीला आधी हात घालतात. व्हिपल शस्त्रक्रिया, म्हणजे स्वादुपिंडाचे डोके गाठीसह काढण्याची मोठी शस्त्रक्रिया, उरकून हे कळले असते, तर अण्णांचे कित्येक आठवडे नुसती जखम भरण्यात गेले असते.

तक्रार आहे ती अहवालाची. नमुना मुंबईला जातो हे आम्हांला आदल्या संध्याकाळी कळले, आणि दोन दिवसांत येणारा अहवाल सहाव्या दिवशी हाती पडला. थर्माकोलच्या डब्यावर निळ्या शाईने लिहिलेले अण्णांचे नाव बर्फाच्या ओलीने अर्धे पुसले होते. ते मीच वॉर्डबॉयकडून पुन्हा लिहून घेतले. पोटातील पाण्यातल्या पेशी लवकर खराब होतात, तेव्हा हा ढिसाळपणा क्षुल्लक नव्हे. संमतीपत्रही केवळ इंग्रजीत होते.

केमोनंतर हीच तपासणी पुन्हा करावी लागली, तर आम्ही याच डॉक्टरांकडे जाऊ. मात्र डबा कोणाबरोबर आणि किती वाजता निघणार, हे आधी लिहून घेऊ.