उघड्या फ्रॅक्चरसाठी ३ लिटरची सलाइन पिशवी
मी ऑर्थोपेडिक ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका आहे. उघड्या फ्रॅक्चरची, म्हणजे हाड मोडून त्यावरची कातडीही फाटते तेव्हाची, जखम धुवायला मला ३ लिटरची सलाइन पिशवी आणि जाड नळीच पसंत. पिशवी स्टँडवर उंच टांगली की धार एकसारखी पडते. हाडाच्या टोकाला चिकटलेली वाळू, कपड्याचे धागे सुटून येताना दिसतात. लहान जखमेला एक पिशवी पुरते, चेंदामेंदा झालेल्या पायाला तीन लागतात. महागडं दाबाचं यंत्र हवंच असं नाही: अशा जखमा धुण्याच्या पद्धतींची रुग्णांवर तुलना करणाऱ्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लो’ चाचणीत कमी-जास्त दाबाने फरक पडला नाही, आणि साबणाच्या द्रावणापेक्षा साधं सलाइन सरस ठरलं. नळीचा क्लॅम्प (धार बंद करायचा चिमटा) मात्र ओल्या हातमोज्यांतून निसटतो. अर्थात मेलेला भाग सर्जनने कापून काढल्याशिवाय नुसत्या धुण्याने भागत नाही, आणि अँटिबायोटिक तर रुग्ण आल्या आल्याच सुरू व्हायला हवं.