ट्रिग टीवाय९१ विमान रेडिओ: वर्षभर वापरल्यानंतर

आमचं विमान जोडेल डी-१२०. फ्रेंच आराखड्याचं, लाकडाचं आणि कापडाचं, दोन सीटचं. इंग्लंडमधल्या एका गवताच्या धावपट्टीवर आम्ही चौघांनी मिळून ते ठेवलंय. जुना रेडिओ २५ किलोहर्ट्झ अंतराच्या चॅनलचा होता आणि इथे आता ८.३३ च्या अंतराचे चॅनल आहेत, त्यामुळे तो बदलणं भागच होतं. मी एडिनबराच्या ट्रिग कंपनीचा टीवाय९१ सुचवला, कारण पॅनेलवर जागाच नव्हती. याचा छोटा कंट्रोलर तेवढा पुढे बसतो, रेडिओचा डबा सीटमागे जातो. ताकद ६ वॅट.

बसवून देणाऱ्या वर्कशॉपने "चालतोय" म्हणून विमान ताब्यात दिलं. पहिल्याच उड्डाणात बारा-तेरा किलोमीटरवरच्या एअरफिल्डने आम्हाला 'रीडेबिलिटी २' दिली. पाचपैकी दोन, म्हणजे मधूनमधून एखादा शब्द कळतोय. सगळे म्हणाले, रेडिओ परत कर. मी रात्री बाबांना फोन लावला. त्यांची सगळी नोकरी ओझरला एचएएलमध्ये, विमानांच्या वायरिंगवर गेली. त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, अँटेनाच्या खाली धातू आहे का?"

नव्हता! पाव तरंगलांबीच्या अँटेनाला खाली धातूचा पत्रा लागतो. पत्र्याच्या विमानात तो आपोआप मिळतो, आमच्या जोडेलला प्लायवूड आहे. दुसऱ्या दिवशी अ‍ॅनलायझर लावला. ११८ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळतोय याचा आकडा, १ म्हणजे उत्तम) ३.८. याचा अर्थ सहातले दोन वॅट अँटेनावरून परत फिरत होते. १३६ ला तर त्याहून वाईट. रेडिओ बिचारा आपलं काम चोख करत होता.

मग तांब्याच्या टेपच्या चार पट्ट्या, प्रत्येकी ५८ सेंटिमीटर, आतून प्लायवूडला चिकटवल्या. दोन लांबीत पुढे-मागे, दोन बाजूंनी खाली वळवलेल्या, चारही अँटेनाच्या बुडाशी सोल्डर करून जोडलेल्या. केबलही नवी घातली, कारण जुन्या केबलचा बीएनसी कनेक्टर बोटाने हलवला तरी आकडा उडत होता. आता एसडब्ल्यूआर मधल्या फ्रिक्वेन्सींना १.५ आणि दोन्ही टोकांना २ च्या आत. त्याच एअरफिल्डने त्याच अंतरावरून 'रीडेबिलिटी ५' दिली तेव्हा माझे डोळे खरंच भरून आले.

सेटिंग मात्र जमिनीवर, इंजिन बंद ठेवून करू नका. स्क्वेल्च (कुणी बोलत नसताना खरखर बंद ठेवणारा) आणि इंटरकॉमचा व्हॉक्स (आवाज आला की माइक उघडणारा) हँगरमध्ये लावला तो सगळा वाया गेला, कारण इंजिनच्या आवाजाने व्हॉक्स सतत उघडा राहायचा. हवेत, क्रूझच्या आरपीएमला, शेजारच्याने विमान सांभाळायचं आणि आपण सेटिंग करायचं. साइडटोन, म्हणजे हेडसेटमध्ये ऐकू येणारा आपलाच आवाज, थोडा कमीच ठेवा. स्वतःचा आवाज मोठा ऐकू आला की माणूस नकळत हळू बोलतो. आणि चॅनल नीट वाचा: ११८.००० आणि ११८.००५ यांची मूळ फ्रिक्वेन्सी एकच, पण पहिला २५ चा आणि दुसरा ८.३३ चा.

जीपीएसची चाचणी बहुतेक जण करतच नाहीत. रेडिओ आपल्या फ्रिक्वेन्सीच्या पटींवरही थोडंसं प्रसारण करतो, आणि १२१.१८६ ची तेरापट व १३१.२८५ ची बारापट थेट जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येते. म्हणून १२१.१५०, १२१.१७५, १२१.२०० आणि १३१.२५०, १३१.२७५, १३१.३०० यांवर, कुणी बोलत नाही ना हे आधी ऐकून, अर्धा मिनिट पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबून जीपीएसकडे बघायचं. आमच्याकडे १३१.२७५ ला पोझिशन गेली. जीपीएसचा अँटेना अर्धा मीटर मागे सरकवला, मग टिकली. होकायंत्रही पीटीटी दाबून बघितलं, ते हललं नाही.

रेडिओबद्दल माझी तक्रार एकच: नॉब बारीक आहेत, हिवाळ्यात हातमोजे घालून फिरवताना एक चॅनल पुढे जातं. स्क्रीन उन्हात स्वच्छ दिसते, आणि एका चॅनलवर असताना दुसऱ्यावर कान ठेवता येतो हे लांबच्या प्रवासात फार उपयोगी पडतं. पाचपैकी साडेचार देईन, आणि पुन्हा घ्यायचा झाला तर हाच घेईन. वर्कशॉपकडून मात्र अ‍ॅनलायझरचे आकडे कागदावर मागेन. आमचे आकडे मी लॉगबुकात चिकटवलेत, आणि विमानाच्या उड्डाण-परमिटच्या पुढच्या तपासणीआधी पुन्हा मोजणार आहे. इंजिनच्या थरथरीने पट्ट्यांचे सोल्डर सुटतात, असं बाबांनी बजावलंय.