डेक व्हीटी४२० : टर्मिनल चोख, केबल तुमची तुम्ही बनवा

जुन्या बाजारात किंवा एखाद्या कंपनीच्या भंगारात डेकचं (डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं) व्हीटी४२० दिसलं, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरला केबलने जोडून नुसती अक्षरं दाखवणारं टर्मिनल, तर पडद्याकडे नंतर बघा. आधी कीबोर्ड कुठे आहे ते विचारा. याला डेकचाच एलके४०१ कीबोर्ड लागतो. टेलिफोनच्या रिसीव्हरच्या वायरीला असतो तसा चार पिनांचा बारका प्लग. पीसीचा कीबोर्ड इथे बसत नाही (तोच वापरायचा असेल तर नंतरच्या व्हीटी५१०ला पीएस/२ चालतो). कीबोर्ड नसलेलं व्हीटी४२० फुकट मिळालं तरी महाग. वायर तुटली असेल तर फोनची गुंडाळीची वायर लावायचा मोह होतो. जुन्या वायरीत कुठली पिन कुठे जाते ते आधी मीटरने मोजा आणि नवी तशीच जोडा. कीबोर्डचा सप्लाय याच वायरीतून जातो, क्रम उलटला तर फक्त अक्षरं चुकून भागत नाही.

पडद्याचं काम सोपं. टर्मिनल बंद ठेवून काचेवर तिरका उजेड पाडा. जुन्या लॉगिनच्या ओळी फॉस्फरवर (काचेच्या आतल्या चमकणाऱ्या थरावर) जळून उमटल्या असतील तर लगेच दिसतात. मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचा, आपल्याकडे २३० व्होल्ट आहेत. पावसाळ्यात आणलेलं टर्मिनल दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवल्याशिवाय चालू करू नका, आतल्या हाय व्होल्टेजला ओल सोसत नाही.

खरी गोची केबलची. १९९०चं हे मॉडेल, आणि बऱ्याच नगांवर २५-पिनी पोर्ट नसून फक्त एमएमजे (डेकचा स्वतःचा सॉकेट) असतो: सहा पिना, पण खटका एका बाजूला सरकवलेला, त्यामुळे साधा फोनचा प्लग आत जात नाही. डेकची मूळ जोडी म्हणजे बीसी१६ई केबल आणि एच८५७१-जे अडॅप्टर. ती शोधत बसण्यापेक्षा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सहा तारांची चपटी फोन वायर, एक आरजे१२ प्लग आणि एक नऊ-पिनी फिमेल कनेक्टर आणा. प्लगचा खटका कापला की तो एमएमजेत बसतो. लॉक होत नाही, म्हणून वायर टेबलाला बांधून ठेवा. दुसरं टोक थेट कनेक्टरला सोल्डर करा. एमएमजेची २ पीसीच्या २ला, ५ पीसीच्या ३ला, मधल्या ३ आणि ४ एकत्र करून पीसीच्या ५ला. एमएमजेची ६ पीसीच्या ४ला. एमएमजेची १ पीसीच्या ६ला, आणि तिथूनच एक तुकडा पीसीच्या १लाही. हा शेवटचा तुकडा लोक गाळतात. मग टर्मिनल नुसतं लॉगिनसाठी लावलं की गेटी (लॉगिन विचारणारा प्रोग्राम) कॅरियरची, म्हणजे समोर कुणी जोडलंय या खुणेची, वाट बघत बसतं आणि प्रॉम्प्टच येत नाही.

दुकानात ‘यूएसबी टू सिरियल’ मागितलं की बहुतेक वेळा टीटीएलचा (कमी व्होल्टेजच्या सिग्नलचा) उघडा बोर्ड हातात पडतो. तो नको. आरएस-२३२ची, म्हणजे जुन्या सिरियल पोर्टची, पातळी देणारा, मॅक्स३२३२सारखी चिप असलेलाच घ्या. तरीही पीसीवर ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना यूएसबी कामाचा नाही, कारण बूटलोडरला तो दिसतच नाही. बऱ्याच मदरबोर्डांवर दहा-पिनी कॉम हेडर (सिरियल पोर्टच्या पिना) असतो, त्याला ब्रॅकेट लावा. या ब्रॅकेटच्या वायरिंगच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्ही दिसायला सारख्याच! बोर्डाच्या मॅन्युअलशी मीटरने ताडून बघा.

पीसीवर ओपनबीएसडी (युनिक्सच्या घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम) टाकताना बूट प्रॉम्प्टवर आधी ‘एसटीटीवाय कॉम० ९६००’, मग ‘सेट टीटीवाय कॉम०’. टर्मिनलवर एफ३ दाबून सेट-अपमध्ये ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक्सऑफ (समोरच्याला ‘थांब’ सांगणारं चिन्ह, म्हणजेच कंट्रोल-एस) चालू, आणि बाहेर पडण्याआधी सेव्ह. नाहीतर बंद केल्यावर सगळं पुसलं जातं. इन्स्टॉलर टर्मिनलचा प्रकार विचारतो, तिथे व्हीटी२२० पुरतं. कॉम० हाच कन्सोल ठेवायचा का, याला हो म्हणा.

नंतर वेग १९२०० करा. ८० गुणिले २४ म्हणजे १९२० अक्षरं, आणि दर अक्षराला १० बिट. म्हणजे भरलेला पडदा बरोबर एका सेकंदात. वेग बूट.कॉन्फ आणि टीटीवायएस या दोन्ही फायलींत बदलावा लागतो. एकच बदलली तर बूट नीट दिसतं आणि लॉगिनला कचरा. ३८४०० टर्मिनल घेतं, पण पडदा सरकवताना मागे पडतं आणि एक्सऑफ पाठवतं. शेलमध्ये कुणी ही एक्सऑन-एक्सऑफची सोय बंद केली असेल तर समोरचा पीसी थांबत नाही, अक्षरं गळतात. ईमॅक्स हा एडिटर वापरणाऱ्यांचं कंट्रोल-एस इथे आडवं येतं.

एलके४०१ हाताला छान, पण एस्केपची कळ नाही. व्हीआय एडिटर वापरणाऱ्याने सेट-अपमध्ये टिल्डाच्या कळीला एस्केप द्यावं, किंवा कंट्रोल आणि उघडणारा चौकटी कंस ‘[’ दाबावा. पडदा अचानक गोठला तर मशीनला दोष देण्याआधी एफ१ बघा, ती होल्डची कळ आहे.

मराठी फाइल मात्र कॅट या आज्ञेने थेट पडद्यावर दाखवू नका. यूटीएफ-८मधल्या ‘ऐ’चा शेवटचा बाइट ०x९० आणि ‘छ’चा ०x९B. आठ-बिटी मोडमध्ये टर्मिनलच्या लेखी पहिली कंट्रोल स्ट्रिंगची सुरुवात, दुसरी कर्सरच्या आज्ञांची. ‘ज’च्या शेवटी येणारा ०x९C तर स्ट्रिंग संपवायची खूण! लेस ही आज्ञा वापरा, सी लोकॅलमध्ये (भाषेची साधी इंग्रजी सेटिंग) ते हे बाइट कोनी कंसांत आकड्यांनी दाखवतं. वाचता काही येत नाही, पण पडदा जागेवर राहतो. विस्कटलाच, तर एफ३ आणि सेशन रीसेट.